अकरात लपलेले दहा दाखवणारी डॉक्टरीण

एक ते दहा म्हणताना पोर कसं ऐटीत असतं! हाताला दहा बोटं, समोर दहा चिंचोके, सगळा हिशेब डोळ्यांपुढे. मग अकरा येतात आणि गाडी अडते. बारानंतर एकदम चौदा, पंधरा दोनदा, सोळा गायब. लिहायला सांगावं तर बाराच्या जागी १०२. बालवाडीत बरीच वर्षं काढली असल्यामुळे मी खात्रीनं सांगते, आयांचा धीर सुटतो तो याच अकरा ते एकोणीसच्या बोळात. पाठीत धपाटाही बहुधा इथंच बसतो.

खरं म्हणजे चूक त्या बिचाऱ्याची नसते. अकरा या शब्दात दहा ऐकू येतात का हो? बारात, तेरात? एकोणीसची तर गंमतच. बोलताना वीसला एक कमी म्हणायचं आणि लिहिताना मात्र एकावर नऊ! १०२ लिहिणाऱ्या पोरानं तर चक्क विचार केलेला असतो. आधी दहा लिहिले, शेजारी दोन लिहिले. आणखी काय करायचं त्यानं?

हा पेच सोडवणारं साधन ज्यांनी घरोघरच्या धडधाकट मुलांच्या हाती दिलं, त्या बाईंचं नाव आपल्या गल्लीगल्लीतल्या पाट्यांवर असतं. मॉन्टेसरी. पुष्कळांना तो शाळेचा एक प्रकार वाटतो. ते एका बाईचं आडनाव आहे आणि ती बाई मुळात शिक्षिका नव्हे, डॉक्टर होती, हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआरावाल्ले गावचा. वडील सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचनाची आवड असलेली, लेकीच्या पाठीशी ठाम उभी राहणारी. मुलीनं फार तर मास्तरीण व्हावं असा तो काळ. हिनं आधी मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातलं आणि मग वैद्यकीचा हट्ट धरला. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बाईनं शवविच्छेदन करणं शोभत नाही म्हणून सगळे गेल्यावर तिला एकटीला ते करावं लागे. १८९६ मध्ये ती रोम विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक.

नोकरी लागली मनोरुग्णांच्या दवाखान्यात. तिथं मतिमंद ठरवलेली मुलं वेड्यांच्या इस्पितळात मोठ्यांबरोबर कोंडलेली तिनं पाहिली. हातात धरायला काही नाही, खेळायला काही नाही. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असं तिच्या मनानं घेतलं. मग एदुआर सेगाँ या फ्रेंच डॉक्टराचे ग्रंथ तिनं शोधून काढले. सेगाँनं अशा मुलांना हातांनी, डोळ्यांनी, स्पर्शानं शिकवण्याच्या पद्धती बसवल्या होत्या. १८८० मध्ये तो न्यूयॉर्कला वारला होता आणि त्याचं काम जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. या बाईनं त्याचं लिखाण स्वतःच्या हातानं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, इटालियनमध्ये उतरवून काढलं. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली आणि तिथली काही मुलं लिहिण्यावाचण्याच्या सरकारी परीक्षेत चक्क इतर मुलांच्या बरोबरीनं पास झाली. लोक कौतुक करत होते. मॉन्टेसरीबाईंच्या मनात मात्र वेगळीच टोचणी. ही मुलं एवढं करू शकतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा मागे तर खेचत नाहीत ना?

उत्तर मिळालं सान लोरेन्झो या रोमच्या गरीब वस्तीत. तिथं कामगारांसाठी चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की लहानगी पोरं जिने आणि भिंती खराब करत. त्यांना कुणीतरी सांभाळावं म्हणून ६ जानेवारी १९०७ रोजी 'बालगृह' उघडलं. मालकाला भिंती वाचवायच्या होत्या, बाईंना मुलं ओळखायची होती.

आणि इथं आपले अकरा-बारा येतात. सेगाँची अंकांची पाटी बाईंनी या मुलांसाठी वापरली, म्हणून आजही तिला सेगाँची पाटी म्हणतात. साधी लाकडी पाटी. तिच्यावर एकाखाली एक १०, १०, १० असं नऊ वेळा लिहिलेलं. सोबत एक ते नऊ अंकांच्या सुट्या पट्ट्या. शून्यावर १ ची पट्टी सरकवली की ११. दोनाची सरकवली की १२. शून्य झाकलं जातं, दशकाचा एक मात्र जागेवरच. १०२ लिहायला वावच उरत नाही!

पण पाटीच्या आधी मणी. दहा सोनेरी मणी ओवलेली एक कांडी आणि शेजारी सुटा एक मणी, हे झाले अकरा. आधी हातात मोजायचं, मग अंक वाचायचा, मग दोन्ही जुळवायचं. नाव शिकवायच्याही तीन पायऱ्या, त्याही सेगाँच्याच. आधी हे अकरा, हे बारा असं दाखवायचं. मग मला बारा दे म्हणायचं. शेवटी हे किती, ते विचारायचं. आपण घाईनं सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतो. मधल्या पायरीवर मूल चुकलं तर बाईंचा नियम ठरलेला. रागवायचं नाही, चूक दाखवायची नाही, हसून सामान आवरायचं, पुन्हा कधीतरी. बाईंच्या इटालियन भाषेतही सोळापर्यंत सुटे आधी आणि दहा नंतर बोलतात, सतरापासून दहा आधी! पेच काही फक्त मराठी पोरांचा नाही.

जगाच्या मुलांसाठी एवढं करणाऱ्या या बाईंचं स्वतःचं मूल मात्र जवळ नव्हतं. सहकारी डॉक्टर मोंतेसानो यांच्यापासून १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. बोभाटा झाला असता तर काम कायमचं सुटलं असतं. बाळ रोमबाहेर खेड्यातल्या एका कुटुंबात वाढलं. आई अधूनमधून भेटून येई, पण आई म्हणून नाही. १९१२ मध्ये रेनिल्देबाई गेल्या आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ आईकडे राहायला आला. तरीही वर्षानुवर्षं त्याची ओळख भाचा म्हणूनच करून दिली जाई. हे वाचताना मी दरवेळी थांबते. त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. त्या काळानं बाईसमोर ठेवलेला हिशेबच क्रूर होता.

पुढं मारिओ त्यांचा उजवा हात झाला. मुसोलिनीशी बिनसल्यावर १९३४ मध्ये बाईंनी इटली सोडली. १९३९ मध्ये दोघं मद्रासला, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत आले. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघं शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, बाईंना अड्यारमध्येच. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयनं त्याची सुटका केली आणि त्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता, असं सांगतात. भारतातल्या वर्षांत त्यांनी हजारावर शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांनी डोळे मिटले.

त्या भारतात येण्याआधीच त्यांची पद्धत आपल्याकडे पोचली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी. महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, पानं, शंखशिंपले हाताशी घेतले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक म्हणण्यावरून केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? वाद काही असो, मुळातली काळजी तीच, शब्दात दडलेलं दशक पोराला दिसावं कसं.

तुमच्या घरी पाटी नसेल तर अडत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर नऊ वेळा १० लिहा, शून्याच्या मापाच्या नऊ चिठ्ठ्या कापा. दहा काड्यांना रबर लावा, सुट्या काड्या बाजूला ठेवा. शून्यावर चिठ्ठी मात्र पोरालाच ठेवू द्या. आणि चुकलंच, तर धपाटा नको. हसून सामान आवरा. अकरा उद्याही अकराच असणार आहेत.