पक्ष्यांचे पक्षीमित्र डॉ. सलीम अली

मरहूम डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील वारले, तिसऱ्या वर्षी आई गेली; मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन हा पोरका मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे गेला, ही हकीकत आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

पदवी नव्हती, म्हणून हवी ती सरकारी नोकरी मिळाली नाही. बर्लिनला प्रा. स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील जागाही गेलेली. मग पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. बेकारीचे ते दिवसच त्यांना नाव देऊन गेले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

कोणता पक्षी काय खातो, हे ते बारकाईने टिपीत. त्या नोंदींचे मोल आज अधिकच कळते. डी.डी.टी. लवकर नष्ट होत नाही, चरबीत साठते. किड्यात थोडे, किडे खाणाऱ्या पक्ष्यात जास्त, त्या पक्ष्याला खाणाऱ्या ससाण्यात त्याहून जास्त. आणि मग ससाण्याच्या अंड्याचे कवच इतके पातळ होते की उबवतानाच फुटते. बी.एच.सी.मधील एका घटकाची गंमत निराळी. मासा तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देऊ शकतो. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्याला ती वाट नाही, कारण हे द्रव्य उच्छ्वासाबरोबर सहसा बाहेर पडत नाही. म्हणून माशात फारसे न साचणारे विष पक्ष्यात, म्हशीत आणि माणसात साचते. आईच्या दुधातही ते आढळले आहे.

भरतपूरच्या पाणथळीच्या रक्षणासाठी सलीमसाहेब झटले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच तेथे सारस पक्षी मरून पडलेले सापडले. भोवतालच्या शेतांत वापरलेले अल्ड्रिन त्यांच्या पोटात गेले होते. शेतीसाठी डी.डी.टी. १९८९ मध्ये बंद झाले, अल्ड्रिन १९९६ मध्ये, बी.एच.सी. १९९७ मध्ये. कोइमतूरला १९९० मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेत पक्ष्यांच्या अंगातील विषांची तपासणी होऊ लागली.

औंधच्या मुलांना फार लांब जायला नको. आपल्याच खटाव तालुक्यात मायणीचा तलाव पाहुण्या पक्ष्यांसाठी नावाजलेला आहे. हिवाळ्यात तेथे वही घेऊन बसावे आणि कोणता पक्षी चिखलात टिपतो, कोणता शेतात, एवढे लिहून आणावे.