थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म : इ.स. १५४९ च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १६१९) हे गोव्यात सुमारे चाळीस वर्षे राहिलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक, ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी महाकाव्याचे कर्ते आणि कोकणीचे आद्य व्याकरणकार होत. बायबलमधील दुर्बोध स्थळांचा अर्थ लावण्याची जी रीत मध्ययुगीन युरोपातील धर्मपंडितांनी घडवली होती, ती मराठीत विस्ताराने आणणारा सर्वांत जुना ज्ञात मुद्रित ग्रंथ त्यांचाच आहे. त्यांचे कार्यक्षेत्र गोव्यातील साष्टी हे होय. मीरा-भाईंदर व मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्या ठाण्याकडील साष्टीशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये.

जीवन

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश घेण्याचा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्स एकटेच निघाले. १५७५ मध्ये रोम येथे त्यांना संघात प्रवेश मिळाला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे रिचर्ड हॅकलुइट यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, हे निरीक्षण त्यांनी १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात विल्यम जोन्स यांचे नाव घेतले जाते, पण ते याबाबतीत दोन शतके नंतरचे.

ते राहिले तो साष्टी प्रांत शांत नव्हता. तेथील देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ बाळगण्यास मनाई होती आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयही होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी असोळणे येथे बोलावून मारले. ‘ख्रिस्तपुराणा’चा विचार ही पार्श्वभूमी वगळून करता येत नाही.

ख्रिस्तपुराण

हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापला गेला. देवनागरी खिळे पाडण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये संघाच्या प्रमुखांकडे मागितली होती, पण ते काम झाले नाही. ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. अध्यायांना ‘अवस्वरू’ म्हटले असून जुन्या करारावरील पहिल्या पुराणात ३६, तर ख्रिस्तचरित्रावरील दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरू येतात. मराठी भाषेचे त्यात केलेले गौरवगान सुपरिचित आहे. शालेय पुस्तकांतून बहुतेकांना स्टीफन्स तेवढेच ठाऊक असतात, हे काहीसे दुर्दैवाचे आहे.

ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता पाद्रींना विनंती करतो : आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस दुसरे पुराण द्यावे. ही विनंती कवीने श्रोत्याच्या तोंडी घातली आहे हे खरे, परंतु तिच्यातून ग्रंथबंदीची कबुली आपोआप मिळते.

शास्त्रार्थाची पद्धती

स्टीफन्स यांनी बायबलचे भाषांतर केले नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ मध्ये लॅटिन व्हल्गेट हा पाठ अधिकृत ठरवला होता आणि पूर्वाचार्यांच्या एकमताविरुद्ध अर्थ लावण्यास मनाई केली होती. कथा सांगत सांगत अर्थ उलगडणे हा मार्ग मात्र मोकळा होता, आणि मराठीत त्यासाठी पुराण हा प्रकार तयारच होता.

मध्ययुगीन पंडित शास्त्रवचनाचे चार अर्थ मानत : शब्दार्थ, रूपकार्थ, नीतिपर अर्थ आणि परलोकपर अर्थ. जे वचन शब्दशः घेतल्यास श्रद्धेशी वा प्रेमाशी विसंगत ठरते ते रूपकाने घ्यावे, असा नियम संत ऑगस्टिन यांनी आधीच घालून दिला होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी सिद्धांतासाठी आधार मात्र शब्दार्थाचाच घ्यावा असे बजावले. जुन्या करारातील इसहाकाचे अर्पण किंवा मोशेने उभारलेला पितळी सर्प या घटना ख्रिस्ताच्या पूर्वसूचना म्हणून वाचल्या जात. पहिल्या पुराणाची मांडणी याच दृष्टीवर उभी आहे : मानवाचे पतन आणि तारणाऱ्याच्या आगमनाची प्रतीक्षा हे त्याचे सूत्र आहे.

देवदूतांच्या पतनाची कथा हे याचे चांगले उदाहरण होय. उत्पत्तीच्या पुस्तकात ती नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात बाबिलोनच्या राजाला उद्देशून गळून पडलेल्या प्रभाततारकेचे रूपक आहे; व्हल्गेटमध्ये त्या तारकेला लुसिफर हा शब्द आहे. आचार्यांनी त्यात सैतानाचे पतन पाहिले. स्टीफन्स यांनी ही कथा सृष्टीच्या वर्णनातच गुंफली, त्यामुळे मराठी श्रोत्याला ती मूळ वृत्तांताचाच भाग वाटते. भाष्य आणि संहिता यांतील सीमारेषा येथे पुसली गेली आहे; अभ्यासकाने ती ध्यानात ठेवूनच ग्रंथ वाचावा.

श्रोत्याने शंका घ्यावी आणि वक्त्याने तिचे निरसन करावे, ही आपल्या पुराणांची जुनी रीत. अक्वायनस यांचा महाग्रंथही आक्षेप व उत्तर याच क्रमाने चालतो. स्टीफन्स यांच्या ग्रंथात या दोन परंपरा सहज मिसळल्या आहेत. मात्र उत्तर पाद्रीचेच अखेरचे असते, श्रोत्याला प्रतिवाद करण्यास फारसा वाव नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शब्दांचा होता. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेतला, तर काही धर्मसंज्ञा पोर्तुगीज-लॅटिनच ठेवल्या. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडले, त्यावर १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लिहिले. त्यात या परकी संज्ञांच्या जागी बहुधा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. यांपैकी कोणता पाठ मूळचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

इतर ग्रंथ व नंतरचा काळ

स्टीफन्स यांचे निधन १६१९ मध्ये गोव्यात झाले. त्यांची कोकणी ‘दौत्रीन क्रिस्तां’ १६२२ मध्ये, तर पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही राशोल येथेच छापली गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. त्यांच्या वाटेने पुढे एतिएन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर पुराण रचले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजासाठी फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांनी १६५९ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मराठी पुराण लिहिले.

१६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. स्थलांतरित कुटुंबांबरोबर ‘ख्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखित प्रती दक्षिण कानडा जिल्ह्यात पोहोचल्या व तेथे त्याचे वाचन चालू राहिले. अशा प्रतींवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली.