विल्हेल्म स्टाइनिट्झ : बुद्धिबळाचा शास्त्रकार

ज्या जगज्जेतेपदावर विश्वनाथन आनंद आणि २०२४ साली दोम्मराजू गुकेश यांनी आपली नावे कोरली, त्या पदाची परंपरा १८८६ मध्ये विल्हेल्म स्टाइनिट्झपासून सुरू होते. परंतु बुद्धिबळाचा पहिला जगज्जेता एवढीच त्याची ओळख करून देणे अन्यायाचे होईल. मूठभर खेळाडूंच्या अंगी असलेले कौशल्य त्याने तत्त्वांत बांधले आणि ती तत्त्वे छापून सर्वांपुढे ठेवली. या कार्याचा मोबदला त्याला काय मिळाला, हा प्रश्न निदान अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यांनी तरी विचारला पाहिजे.

स्टाइनिट्झचा जन्म १८३६ साली प्रागमधील ज्यूंच्या वस्तीत एका शिंप्याच्या घरी झाला. गणिताच्या अभ्यासासाठी तो व्हिएन्नाला गेला; पण तेथे अभ्यासाची जागा बुद्धिबळाने घेतली. १८६२ च्या लंडन स्पर्धेत त्याचा सहावा क्रमांक आला आणि तो लंडनमध्येच राहिला. १८६६ मध्ये त्याने त्या काळचा अग्रगण्य खेळाडू अँडरसन याला ८ विरुद्ध ६ डावांनी हरविले. या चौदा डावांपैकी एकही बरोबरीत सुटला नाही, यावरून तेव्हाच्या खेळाची कल्पना यावी. राजावर तुटून पडावे, त्यासाठी मोहऱ्यांमागून मोहरी बळी द्यावीत, अशी ती रीत होती. स्टाइनिट्झही प्रथम याच पंथाचा होता.

१८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेच्या सुमारास मात्र त्याच्या खेळाने वेगळे वळण घेतले. दोन्ही बाजू समतोल असताना केलेला हल्ला योग्य बचावापुढे टिकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. आधी प्याद्यांची भक्कम रचना, हत्तीसाठी मोकळी पट्टी, प्रतिपक्षाच्या गोटातील एखादे दुबळे घर असे बारीकसारीक लाभ साठवावेत. ते पुरेसे जमले म्हणजे हल्ला केलाच पाहिजे, एरव्ही जमविलेले हातचे जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात भांडवलसंचयाचे तत्त्व सहज ओळखू येईल. समकालीनांपैकी अनेकांना हा खेळ रूक्ष वाटला. पण १८७६ मध्ये ब्लॅकबर्नसारख्या निष्णात आक्रमकाला त्याने ओळीने सात डावांत हरविले, तेव्हा टीकाकारांपाशी फारसे उत्तर उरले नाही.

आपले विचार त्याने स्वतःपाशी ठेवले नाहीत. १८७३ ते १८८२ या काळात लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकातील बुद्धिबळाचे सदर तो लिहीत असे. कोणती खेळी चुकली यापेक्षा ती का चुकली, हे सांगण्यावर त्याचा भर होता. १८८३ मध्ये तो अमेरिकेस गेला. तेथे १८८५ ते १८९१ पर्यंत त्याने ‘इंटरनॅशनल चेस मॅगझिन’ हे मासिक चालविले आणि १८८९ मध्ये ‘द मॉडर्न चेस इन्स्ट्रक्टर’ हे पाठ्यपुस्तक काढले. मधल्या काळात, १८८६ मध्ये, झुकेरटॉर्टवर १० विरुद्ध ५ डावांनी मात करून तो जगज्जेता झाला होता. त्याची लेखणी पुष्कळदा कडवट होई आणि तिने त्याला शत्रूही जोडून दिले. तथापि, जगज्जेता असतानाच आपल्या विजयाची रीत प्रतिस्पर्ध्यांच्या हाती छापून देण्याचे औदार्यही त्याच लेखणीचे होते.

त्याची किंमत त्याने मोजली. १८९४ मध्ये पंचवीस वर्षांच्या इमॅन्युएल लास्करने त्याला हरविले, आणि लास्कर तर त्याच्याच तत्त्वांवर पोसलेला होता. १८९६-९७ मध्ये मॉस्कोत झालेल्या परतीच्या सामन्यात स्टाइनिट्झचा दारुण पराभव झाला आणि त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १२ ऑगस्ट १९०० रोजी न्यूयॉर्कमधील मनोरुग्णालयात, अत्यंत विपन्नावस्थेत, त्याचा मृत्यू झाला. पटावर एकेक लाभ साठविणाऱ्या या माणसाला कुटुंबासाठी मात्र काही साठविता आले नाही.

लास्करने पुढे आपल्या ग्रंथात स्टाइनिट्झचे वैचारिक ऋण मोकळेपणाने मान्य केले. दुसरा धडाही त्याने घेतला. सामन्यांसाठी तो भरघोस मानधन मागू लागला आणि लोभीपणाचा आरोप त्याने सोसला.

ज्ञान एकदा प्रसिद्ध झाले की ते कोणालाही वापरता येते आणि वापरल्याने कमी होत नाही. म्हणूनच बाजार त्याच्या निर्मात्याला पुरेसे मूल्य देत नाही. ते देण्याची जबाबदारी समाजाची आणि समाजाने उभारलेल्या संस्थांची असते. स्टाइनिट्झच्या पाठीशी अशी संस्था नव्हती. आज कुठल्याही गावातले पोर बुद्धिबळाचे पहिले धडे गिरविते, त्यांत त्याचे सिद्धांत असतात. ते देणे फेडायला तो आता नाही. पण आपल्या काळातील शिक्षकांच्या बाबतीत तरी हा हिशेब वेळेवर व्हावा.