रणांगण ओळखणारी माता

खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूला, चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे शिवाजी महाराजांनी शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान याची कोंडी केली. कुरवंडे घाटाने उतरलेल्या मोगली फौजेची वाट पुढून-मागून अडवली गेली. दाट अरण्यात पाण्यावाचून सैन्य कासावीस झाले. अखेर सोबत असलेल्या रायबागन या सरदारणीचा सल्ला मानून खान शरण आला. कर्जत-खालापूरच्या घाटवाटांनी पाहिलेला हा विजय सर्वश्रुत आहे. त्याआधी जेमतेम सात महिने राजगडावर जिजाबाईंनी काढलेले दिवस मात्र फारसे आठवले जात नाहीत.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या या कन्येला युद्धाची किंमत कुणी सांगण्याची गरज नव्हती. १६२९ मध्ये निजामशाहाच्या दरबारात वडील, दोन भाऊ आणि भाचा दगाबाजीने मारले गेले. पती शहाजीराजांचे आयुष्य मोहिमांमध्येच गेले. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आला. त्याला वेळेवर कुमक न मिळण्यास अफझलखान कारणीभूत होता, असे मानले जाते.

म्हणूनच १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा कुमक न पोचणे म्हणजे काय, हे या मातेला पुरते ठाऊक होते. महाराज गडावर अडकले. इकडे पुणे प्रांतात शाएस्तेखान येऊन बसला. महिने लोटले, तेव्हा साठी ओलांडलेल्या जिजाबाईंनी स्वतः पन्हाळ्यावर चालून जाण्याची तयारी केली, असे ‘शिवभारत’ या समकालीन काव्यात वर्णन आहे. त्याच सुमारास सरनोबत नेताजी पालकर परतले. खालापूर तालुक्यातील चौक हे त्यांचे गाव मानले जाते. जिजाबाईंना थांबवून नेताजी आणि सिद्दी हिलाल पन्हाळ्याकडे धावले, परंतु वेढा फुटला नाही. हिलालचा तरुण पुत्र वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. पिता रणात असूनही त्याला सोडवू शकला नाही.

जुलैमध्ये महाराज वेढ्यातून निसटले आणि काही महिन्यांतच पुन्हा मोहिमेवर निघाले. एक पुत्र गमावलेल्या मातेने दुसऱ्याला घरी थांबवले नाही. मुलाच्या वाट्याला आलेले संकट ती जाणून होती. त्याच्या पाठीमागे राज्य सांभाळणे, हाच तिने त्या जाणिवेचा अर्थ मानला.

मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्यास निघाले, तेव्हा हाच अर्थ कसास लागला. पुत्र आणि नऊ वर्षांचा नातू, दोघेही औरंगजेबाच्या दरबारी गेले. कैदेची वार्ता आली, तरी जिजाबाईंच्या देखरेखीखाली कारभार चालू राहिला. गडकोट शाबूत राहिले. परतलेल्या पुत्राने बैराग्याच्या वेशात पायांवर मस्तक ठेवले आणि मातेने त्याला ओळखले, असा प्रसंग परंपरेने सांगितला जातो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक त्यांनी पाहिला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.