रामन राघव : पडद्याबाहेर राहिलेली २६ वर्षे

अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ हा हिंदी चित्रपट जून २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट सुरू होताच प्रेक्षकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली जाते. साठच्या दशकातील कुप्रसिद्ध खुनी रामन राघव याची ही कथा नव्हे. तरीही शीर्षकात नाव त्याचेच आहे. मुंबईत दहशत या शब्दाला जे मोजके समानार्थी शब्द मिळाले, त्यांत हे नाव अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे. नाव उरले, माणूस मात्र विस्मृतीत गेला. त्याहूनही अधिक विस्मृतीत गेला तो त्याच्यावर चाललेला खटला. फाशीची शिक्षा ठोठावल्यानंतर न्यायव्यवस्थेने थांबून पुन्हा विचार केला, असा हा खटला होता.

एक माणूस, अनेक नावे

पोलीस दप्तरात रामन राघवची ओळख नावांच्या यादीने सुरू होते. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी नावे त्याने वेळोवेळी धारण केली होती. त्याला घर नव्हते आणि स्थिर व्यवसायही नव्हता. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे तुरुंगवास भोगलेला होता. मुंबईच्या कडेकडेने, रेल्वेमार्गालगतच्या ओसाड जागांत आणि झोपडवस्त्यांच्या आसपास तो वावरत असे. ज्यांच्यामध्ये तो राहिला, त्याच माणसांवर त्याने पुढे हल्ले केले.

त्या काळची मुंबई वेगाने फुगत होती. गिरण्यांत, गोदीत आणि बांधकामांवर काम शोधण्यासाठी देशभरातून माणसे येत होती. त्यांतील असंख्य कुटुंबे पदपथावर किंवा तट्ट्याच्या झोपड्यांत राहत. दार असले तर कडी नसे, कडी असली तर भिंत पक्की नसे. उकाड्यात उघड्यावर झोपणे हा चैनीचा भाग नसून नाइलाज होता.

१९६५-६६ मध्ये जुन्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या पूर्व उपनगरांत झोपलेल्या माणसांवर हल्ले होऊ लागले. एकूण १९ जणांवर हल्ला झाला आणि त्यांतील नऊ जण मृत्युमुखी पडले. परिसरात संशयास्पद रीतीने भटकणाऱ्या एका इसमाला पोलिसांनी त्या वेळी ताब्यात घेतले होते. तो रामन राघवच होता. परंतु हल्लेखोराला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी नव्हते. पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावे लागले.

१९६८ चा पावसाळा

दोन वर्षांनी, १९६८ च्या पावसाळ्यात हेच सत्र पुन्हा सुरू झाले. या वेळी उपनगरांतील झोपड्यांमध्ये आणि उघड्यावर झोपलेली माणसे बळी पडत होती. हत्येची पद्धत एकच होती. रात्रीची वेळ, गाढ झोपलेला माणूस आणि बोथट, जड हत्याराने डोक्यावर आघात. बळींमध्ये पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि लहान मुलेही होती. ओळख, वैर, मालमत्ता यांपैकी कोणताही धागा त्यांना जोडत नव्हता.

पोलिसांपुढची खरी अडचण हीच होती. खुनाच्या तपासाची सुरुवात सहसा हेतूपासून होते. येथे हेतूच सापडत नव्हता. ‘सीरियल किलर’ हा शब्द आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा तो तपास अधिकाऱ्यांच्याही बोलण्यात नव्हता. वस्त्यावस्त्यांतून तरुण काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागले. वेडसर, भटका, अनोळखी दिसणारा प्रत्येक माणूस संशयित ठरत होता.

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे तत्कालीन उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झालेले आणि मानवतच्या हत्यासत्राचा तपास करणारे हेच ते अधिकारी. त्यांच्या आठवणींवर आधारलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका २०२४ मध्ये आली आणि त्यात कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. १९६८ मध्ये त्यांनी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. हल्ल्यांतून वाचलेल्यांनी केलेले वर्णन आणि दप्तरातील छायाचित्र ताडून पाहण्यात आले.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी पोलीस उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांना डोंगरी भागात खाकी अर्धी चड्डी आणि निळा सदरा घातलेला एक इसम दिसला. चेहरा त्यांना परिचित वाटला. त्या माणसाने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले. बोटांचे ठसे मात्र रामन राघवच्या जुन्या ठशांशी जुळले. पंचांसमक्ष झडती झाली. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले कागद, एवढाच त्याचा संसार होता. कपड्यांवर रक्ताचे डाग होते.

सुरुवातीला त्याने तोंड उघडले नाही. त्याला कोंबडीचे जेवण दिल्यावर तो बोलू लागला, ही हकीकत पोलीस वर्तुळात आजही सांगितली जाते. त्यानंतर त्याने हत्यार लपवलेली जागा दाखवली आणि दंडाधिकाऱ्यांसमोर सविस्तर कबुलीजबाब दिला. कबुलीतील हत्यांचा आकडा कुठे २३, तर कुठे ४१ असा सांगितला जातो. शहराने सुटकेचा नि:श्वास टाकला. बहुतेकांच्या स्मरणातील रामन राघवची कथा येथे संपते.

सत्र न्यायालयात

कबुली कितीही हत्यांची असली, तरी खटला उभा राहिला तो मालाडजवळच्या चिंचवली येथील दोन हत्यांचा. कबुलीतील बाकीच्या मृत्यूंची न्यायालयीन छाननी त्या खटल्यात झाली नाही. त्या हत्या त्याच्या नावावर लोकस्मृतीत जमा आहेत, न्यायनिर्णयात नाहीत.

जून १९६९ मध्ये खटल्याची सुनावणी सुरू झाली. आरोपी मनोविकृत असून स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, असा अर्ज बचाव पक्षाच्या वकिलांनी केला. न्यायालयाने त्याला पोलीस शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली ठेवले. २८ जून ते २३ जुलै असे जवळजवळ चार आठवडे निरीक्षण चालले. तो मनोविकृत नाही, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे आणि न्यायालयात काय चालले आहे हे त्याला समजते, असा अहवाल आला. खटला पुढे सुरू झाला. आरोपीने गुन्हा कबूल केला.

बचावातर्फे नायर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष झाली. आर्थर रोड तुरुंगात आरोपीशी बोलल्यावर, तो दीर्घकाळ संशयग्रस्त छिन्नमनस्कतेने पछाडलेला असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला होता. आपण माणसे मारतो हे त्याला कळत होते; आपले कृत्य कायद्याच्या विरुद्ध आहे हे उमगण्याची क्षमता त्याच्यात नव्हती, असे त्यांचे मत होते. सरकार पक्षाचा युक्तिवाद साधा होता. जो रात्रीच्या काळोखात मारतो आणि हत्यार लपवतो, त्याला आपण गुन्हा करीत असल्याचे कळत असलेच पाहिजे.

हा वाद त्या खटल्याच्या गाभ्याशी होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार मनोविकृतीमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे हे न समजणाऱ्या माणसाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. इंग्लंडमध्ये १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यानंतर आखलेल्या नियमांशी या कलमाचे नाते आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २२ च्या रूपाने ही तरतूद कायम आहे. अर्थात, आजार असणे आणि आजारामुळे चांगल्या-वाईटाचे भान हरपणे, या दोन वेगळ्या गोष्टी कायदा मानतो. सत्र न्यायालयाने रामन राघवला दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली. त्याने अपील करण्यास नकार दिला.

उच्च न्यायालय थांबले

येथे कायद्यातील एक जुनी तरतूद कामी आली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नसले, तरी ही तपासणी टळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेवर शिक्कामोर्तब करण्याआधी तीन मानसोपचारतज्ज्ञांचे विशेष वैद्यकीय मंडळ नेमण्याचा आदेश दिला.

या मंडळाने रामन राघवची पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास मुलाखत घेतली. त्यातून उलगडले ते एक संपूर्ण, स्वतःपुरते सुसंगत असे भ्रमविश्व होते. त्याच्या मते जगे दोन होती. एक कानूनचे आणि दुसरे बाकी सर्वांचे. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी होता. सरकारने आपल्याला मुंबईत चोऱ्या करण्यासाठी आणले आणि अकबराचे, इंग्रजांचे व काँग्रेसचे अशी तीन सरकारे आपल्याला मोहात पाडण्यासाठी टपली आहेत, यावर त्याचा ठाम विश्वास होता. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो हातात घेतला नाही. या दुष्ट जगातील माणसांना कानूनचा प्रतिनिधी स्पर्श करीत नाही, हे त्यामागचे कारण होते.

पोलीस शल्यचिकित्सकांना चार आठवड्यांत न दिसलेला आजार मंडळाला स्पष्ट दिसला. दीर्घकालीन संशयग्रस्त छिन्नमनस्कता, असे त्याचे निदान झाले. त्याची रवानगी पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात झाली आणि मानसोपचार सुरू राहिले. हा आजार बरा होणारा नाही, हे लक्षात घेऊन १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. अटकेनंतर तो २६ वर्षे जगला.

याच येरवड्यात नोव्हेंबर १९८३ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना फाशी देण्यात आली. दहा खून करणारे ते व्यावसायिक कलेचे विद्यार्थी होते. त्या प्रकरणावरचा ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट १९८६ मध्ये आला. एकाच तुरुंगाशी जोडलेल्या या दोन प्रकरणांतील फरक बळींच्या संख्येचा नव्हता. गुन्हेगाराच्या मनाच्या अवस्थेचा होता. तो ओळखणे हे न्यायालयाचे काम होते.

पडदा आणि वास्तव

रामन राघववरचा पहिला गंभीर प्रयत्न श्रीराम राघवन यांचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या राघवन यांनी १९९१ मध्ये माहितीपट आणि कथापट यांच्या सीमेवरचा छोटा चित्रपट केला. मुख्य भूमिका रघुवीर यादव यांची होती. ज्याची भूमिका ते करीत होते, तो माणूस तेव्हा जिवंत होता.

गुन्ह्यावरचे चित्रपट बहुधा बेड्या पडल्या की संपतात. भीतीला चेहरा मिळतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. १९६८ मध्ये भीतीला मिळालेला चेहरा पुराव्यांशी जुळला. दर वेळी तसे होत नाही. २००३ मध्ये झालेल्या एका दरोडा, बलात्कार व हत्येच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी दिली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. तोवर त्या सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

भीतीला तातडीने आरोपी हवा असतो, हे विदर्भानेही अनुभवले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ पासून १३ माणसांचे मृत्यू झाले आणि त्यांचा दोष ‘टी-१’ ऊर्फ अवनी या वाघिणीवर ठेवण्यात आला. गावकऱ्यांची भीती खरी होती. शेतात जाणे थांबले होते. पिंजऱ्यात उभे राहून बाजू मांडणे वाघिणीला शक्य नव्हते, तिच्या वतीने वन्यजीवप्रेमी न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. २०२१ च्या ‘शेरनी’ या चित्रपटाची नाळ अनेकांनी याच घटनेशी जोडली. माणसाचा खटला आणि वन्यप्राण्याची शिकार यांची तुलना होऊ शकत नाही. पण घाबरलेला समाज यंत्रणेवर कसा दबाव आणतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

त्या दबावाखाली १९६९ मध्ये रामन राघवला फाशी दिली गेली असती, तर फारशी हळहळ झाली नसती. गुन्हे त्याने कबूल केले होते, अपील करायला तो तयार नव्हता आणि त्याची बाजू घेणारे कोणी नव्हते. तरीही उच्च न्यायालयाने डॉक्टरांना विचारले. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, शिक्षेनंतर गंभीर मनोविकार जडलेल्या कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रद्द केली. त्या विचाराचे एक पाऊल मुंबईत अर्धशतकापूर्वीच पडले होते.

या कथेत आणखी एक बाजू अंधारात राहिली आहे. ज्यांची डोकी झोपेत ठेचली गेली, त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही. त्यांतील बहुतेक जण शहराच्या नोंदीत जिवंतपणीही नव्हते. खुन्याचे नाव दोन चित्रपटांच्या शीर्षकांत आले. बळींची नावे जुन्या पंचनाम्यांत पडून आहेत. खुन्याच्या मनाचा शोध घेण्यासाठी न्यायालयाने वेळ काढला, हे योग्यच झाले. ज्या पदपथावर त्याला एवढे बळी सहज सापडले, त्या पदपथावर झोपणाऱ्यांची संख्या मात्र त्यानंतरच्या वर्षांत वाढतच गेली.