डॉ. अनिता अवचट आणि मुक्तांगण



दारू सोडण्याची शपथ आपल्या भागात बहुधा उसाचे पेमेंट येईपर्यंत टिकते. घरच्यांना हे ठाऊक असते, तरी पुढच्या वेळीही त्या माणसाकडून शपथच मागितली जाते. म्हणून या रविवारी आम्ही डॉ. अनिता अवचट यांच्याविषयी लिहीत आहोत.

त्यांचे मूळ नाव सुनंदा. त्या आणि पती अनिल अवचट दोघेही डॉक्टर. पतीचा ओढा लेखनाकडे. तेव्हा नोकरी करून घर चालवायचे ते बाईंनी आणि मनासारखे लिहायचे ते पतीने, अशी त्या घरची वाटणी होती. बाई मानसोपचारतज्ज्ञ झाल्या आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करू लागल्या. ज्या जागेचे नाव काढले तरी लोक चेष्टा करतात, तिथे त्यांनी उमेदीची वर्षे घालवली.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. पैसा आला, तरी रोज रुग्णांजवळ बसणार कोण? ती जबाबदारी अनिताबाईंनी घेतली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. आरंभी गर्दचे रुग्ण जास्त येत. पुढे दारूचे वाढत गेले.

त्या काळी व्यसनी माणसाला कोंडणे, बांधणे, मारणे यालाच पुष्कळ ठिकाणी उपचार समजत. बाईंनी मारहाण वर्ज्य केली. केंद्रातली कामे त्यांनी रुग्णांवरच सोपवली आणि जे बरे झाले त्यांना नव्या रुग्णांचे सोबती केले. ज्याच्या हाती घरचे लोक दहा रुपये द्यायला तयार नसत, त्याच्यावर त्यांनी विश्वास टाकला. हे धाडसच होते, आणि काहींनी तो विश्वास मोडलाही असेल. पण पुन्हा प्यालेल्या माणसाला त्या परत दारात घेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही इच्छास्वातंत्र्यावर पुष्कळ वाचले. व्यसनात नेमकी ठरवणारी शक्तीच आजारी पडते. अशा माणसाला मनाने घट्ट हो असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दवाखान्यात ये म्हणण्यासारखे आहे. त्याला कोणाचा तरी खांदा लागतो. औषधाने हातापायांची थरथर आणि घाम थोड्या दिवसांत थांबतो. (रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, जिवावरही बेतते.) खरी परीक्षा घरी परतल्यावर, जुने मित्र हाक मारतात तेव्हा होते. म्हणून उपचार संपल्यावरही मुक्तांगणने पाठपुराव्याच्या सभा चालू ठेवल्या. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. पिणारा एक, पण आजारी पडते सारे घर. आणि बायको मात्र मार, कर्ज, मुलांची फी यांतले काही कोणाशी बोलत नाही.

अशा सभांचे मूळ अमेरिकेत आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा माणूस ॲक्रन शहरातील हॉटेलात एकटा होता. दारू सोडून थोडेच महिने झाले होते आणि पुन्हा प्यावेसे वाटत होते. त्याने चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूला फोन लावला आणि आपल्यासारखाच कोणी पिणारा भेटेल का, असे विचारले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघे बोलत बसले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली. त्या सभांना फी नसते, आडनाव विचारत नाहीत, आणि आजचा एक दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवायचे असते. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभा वेगळ्या असतात.

अनिताबाईंना कर्करोग झाला. कित्येक वर्षे तो सोसत त्या काम करीत राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. त्यांच्यामागे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगणची धुरा घेतली. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत निवर्तले.

गावातल्या सभेला गेलो तर चर्चा होईल, ही भीती पुष्कळांना असते. देवळाली प्रवरासारख्या गावात ती खोटीही नाही. अशांनी नगरला किंवा पुण्याला चौकशी करावी. दूरच्या सभेला बसायला कोणाची हरकत नसते. पहिल्या दिवशी काही बोलावे लागत नाही, मागच्या खुर्चीवर बसून ऐकले तरी चालते. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर मिस्सानंतर आम्हाला सांगावे. आम्ही एस.टी.ने सोबत येऊ, आणि सभा संपेपर्यंत बाहेर चहा घेत थांबू.