अभय देणारे जामसाहेब



आज सोळावा अध्याय वाचायला घेतला. दैवी संपत्तीतले गुण भगवंत सांगतात, त्यात पहिलाच गुण अभय. आपण कुणाला भिऊ नये, एवढाच अर्थ मी आजवर घेत आलो. पण आपल्या दाराशी आलेल्याचं भय जावं, हाही अर्थ त्यात आहेच की. आणि मला नवानगरचे जामसाहेब आठवले.

दिग्विजयसिंहजी. जन्म १८९५, क्रिकेटवाल्या रणजितसिंहजींचे पुतणे, १९३३ मध्ये गादीवर आले. १९३९ मध्ये पोलंडवर एकीकडून हिटलर आणि दुसरीकडून स्टालिन चालून आला. रशियाने लाखो पोलिश माणसं सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये सुटकेचा हुकूम निघाला, तोवर कितीतरी मुलांचे आईबाप उपासमारीने नाहीतर आजाराने गेले होते. ही पोरं ठेवायची कुठे? युद्धाच्या धामधुमीत कुणालाच नको होती. जामसाहेबांनी इंग्रज सरकारपुढे आपलं संस्थान देऊ केलं.

१९४२ मध्ये मुलं ट्रकमधून इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. आता तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू, असं जामसाहेबांनी त्यांना सांगितलं. मला जास्त भावतं ते पुढचं. मुलांची भाषा, धर्म, झेंडा, सण, सगळं त्यांचं त्यांच्याकडेच राहू दिलं. उकडलेल्या पालकाला कंटाळून पोरांनी जेवणावर बहिष्कार टाकला, तर राजाने पालकच बंद करवला म्हणे! १९४६ मध्ये छावणी बंद झाली, तेव्हा उरलेली मुलं आपल्या कोल्हापुरात, वळिवड्याच्या पोलिश छावणीत आली. तिथे आधीच सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते. जामसाहेब १९६६ मध्ये मुंबईत गेले. वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे.

बालाचडीतली बहुतेक मुलं कॅथलिक होती. पण आम्हा अलिबागकरांना ज्यूंची गोष्ट काही नवी नाही. बेने इस्रायलांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, असं ते सांगतात. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. अलिबागेत अजून इस्रायल आळी आहे. शाळेत असताना याचा मला फार अभिमान वाटायचा.

आणि मग २०२० चा एप्रिल. वाडीतल्या एका खोलीत परप्रांतीय मजुरांचं कुटुंब अडकलेलं, दोन लहान पोरं. गावच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले, यांना बाहेर काढा. आमच्या कामात फायरवॉलचा नियम असतो, आधी सगळ्यांना बंद, मग विचारपूस. गावाने तेच केलं. मी घरूनच काम करत होतो, वरची खोली रिकामी होती. राहू द्या त्यांना, असं टाईप केलं. पाच मिनिटं बघत बसलो आणि डिलीट केलं. आई घरात आहे, तिला शुगर आहे, हे कारण खरंच होतं. पण ती एक खोली तरी विचारून बघायची होती. तेही मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. धाकटं पोर बापाच्या खांद्यावर झोपलेलं. मी गच्चीवर होतो, खाली उतरलो नाही.

आज वाचन झाल्यावर आईला हे पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, मला विचारायचंस तरी.